आर्डिसच्या पाठीचं माप

१४ जून, शुक्रवार

शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीचा निकाल लागला. माझ्या नावापुढे — 'निवड नाही.' एकोणतिसावं वर्ष!

आर्डिसच्या नावापुढे — 'निवड झाली.'

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेच. डोंगरी मेंढ्याचा परवाना, पूर्ण वळलेल्या शिंगांचा नर, आमच्याच डोंगररांगेत. सबंध मोंटानातली माणसं ज्याच्यासाठी वसंतात अर्ज भरतात आणि जूनमध्ये शिव्या देतात, तो परवाना माझ्या बायकोला लागला. तोही पहिल्याच अर्जात! आणि अर्ज भरला कोणी? मी. घरातून दोन नावं गेली तर दोन संधी, एवढाच माझा बेत. तिचं नाव, तिची जन्मतारीख, सगळं मी भरलं. शेवटचं बटण तिने दाबलं, बटाटे सोलता सोलता, ओल्या बोटाने, न वाचता.

परसात ती टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होती. सांगितलं.

"मेंढा? मला?" म्हणाली. हसली. मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. "अरेरे, हार्लन."

निकाल पचला असता. तो 'अरेरे' पचत नाही.

१५ जून

सकाळपासून फोन. सगळे तिलाच मागतात. एकाने मला म्हटलं, "काय मग, आता तू हमाल!" हसलो. हसावंच लागतं.

१७ जून

मला वाटलं होतं ती नको म्हणेल. अडुसष्ट वर्षांची बाई. दर हिवाळ्याच्या तोंडाशी सपाटीवर एक हरीण मारते, नेम माझ्याहून चांगला — पण ते घरापासून अर्ध्या मैलावर. मेंढा म्हणजे नऊ मैल आत, वर कडे, पाठीवर आठवड्याचं बिऱ्हाड. मी म्हटलं, "तुला डोंगर कुठे आवडतात?"

 ती एवढंच म्हणाली, "सॅक कुठली नेऊ?"

जाणार आहे! आणि मी जाणार तिच्याबरोबर. बंदूक तिची, परवाना तिचा — पण त्या कड्यांवर पहाटे तिच्या शेजारी पोटावर झोपून दुर्बीण लावणारा माणूस मी. एवढं तरी माझं आहे. एकोणतीस वर्षांचं एवढं तरी फळ मला मिळायला हवं.

१८ जून

माळ्यावरून जुनी सॅक काढली. लाल कापड विटलंय, ॲल्युमिनियमचा सांगाडा अजून सरळ. काय दिवस होते! हिच्यातून मी आख्खी एल्क, घोड्याएवढं हरीण, चार फेऱ्यांत खाली आणली होती, तोंडाने मिस लॉफग्रेनने शिकवलेल्या कविता म्हणत. आमच्या एका खोलीच्या शाळेत शेगडीशी उभं करून पाठ म्हणायला लावायची ती. प्रत्येक ठोक्याला छडी जमिनीवर. तो ठोका पायात बसला तो बसलाच. पुढे एकतीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवर खडी सपाट करणारं यंत्र चालवलं, तेही त्याच ठोक्यावर.

सॅक खाली आणून आर्डिससमोर ठेवली. तिने चपलेच्या टोकाने तिला जरा ढकललं. मेलेला साप ढकलावा तसं.

"ही नाही."

"अगं चौऱ्याऐंशी साली हीच तर नेली होतीस तू!"

"म्हणूनच."

२६ जून

मी मागवलेली सॅक आली. चौदा खिसे! पाण्याची नळी, बंदुकीची म्यान, पावसाचं टोपडं. सगळ्यात मोठ्या मापाची मागवली, कारण आर्डिस पाच फूट नऊ इंच. उंच बाईला लहान सॅक कशी चालेल?

तिने रिकामीच घालून आरशात पाहिलं. "छान आहे रे." मी आत विश्वकोशाचे सहा खंड घातले. अंगणात दोन फेऱ्या झाल्या आणि ती उभी राहिली. बोटं उघडझाप करत होती.

"पट्टे आवळ," मी म्हटलं.

"आवळले."

"मग सैल कर."

तिने सॅक काढून पायरीवर ठेवली. "उद्या रॉस्कोला विचारते."

रॉस्को!

२७ जून

रॉस्को ट्वेट म्हणजे कोण ते या वहीला सांगायची गरज नाही, तरी सांगतो, म्हणजे मन मोकळं होईल. पूर्वी जंगलखात्यात. बायको वारली त्याला सहा वर्षं झाली. आता गॅरेजमध्ये बसून खोगिरं आणि सॅका शिवतो. चर्चमध्ये गाताना आर्डिसच्या मागच्या रांगेत उभा राहतो. डोक्यावरचे सगळे केस शाबूत. आम्ही दोघांनी मेंढ्याचे अर्ज एकाच वर्षी सुरू केले. त्याला तिसऱ्या वर्षी लागला. त्या मेंढ्याचं डोकं गॅरेजच्या भिंतीवर आहे. सव्वीस वर्षं मी त्या गॅरेजमध्ये पाय ठेवला नाही. काही दुरुस्त करायचं असलं तर शंभर मैलांवर नेतो.

२ जुलै, मंगळवार

पाय ठेवला.

मला एका उलट्या बादलीवर बसवलं. बरोबर मेंढ्याच्या खाली. काचेचे डोळे. शिंगांची टोकं झिजलेली. म्हातारा नर. किती सुंदर आहे! डोळे भरून आले आणि त्याचाही राग आला.

रॉस्को सॅक दाखवेल असं वाटलं होतं. त्याने सॅकला हातच लावला नाही. शिंप्याची फीत काढली.

"आर्डिस, मान खाली घाल. अजून. हनुवटी छातीला लाव." मानेवर एक हाड वर येतं, त्यावर बोट ठेवलं. मग तिच्या दोन्ही बाजूंना हात, कमरेच्या हाडांवर अंगठे. "इथे वरची कड लागते का?"

"लागते."

मी खोकलो.

"बस रे, झालंच," रॉस्को म्हणाला. फीत मानेपासून कमरेच्या रेषेपर्यंत सोडली. "साडेसोळा."

"साडेसोळा काय?"

"इंच. पाठ." माझ्याकडे वळला. "हिची उंची सगळी पायांत आहे, हार्लन. पाठ आखूड. तू ही चौदा खिशांची आणलीस ना, ती वीस इंची पाठीची. हिला मधलीसुद्धा नाही, लहान सांगाडा लागेल."

चव्वेचाळीस वर्षांचा संसार. तिच्या डाव्या खांद्यामागचा तीळ मला माहीत. झोपेत कुठल्या कुशीवर वळते ते माहीत. उंची पायांत आहे हे दिसलं नव्हतं.

त्याने एक लहान सांगाडा आणला, त्यावर मातकट रंगाची सॅक. फक्त तीन खिसे. आत पाणी मऊ करायच्या मिठाचं चाळीस पौंडांचं पोतं टाकलं. "रिकामी सॅक सगळ्यांनाच बसते," म्हणाला. "आधी कमरपट्टा. हाडाच्या कडेवर मधोमध. आता खांद्याचे पट्टे ओढ — फार नाही. वरचे छोटे पट्टे... हं. बघ, खांदा आणि पट्टा यांच्यात फट नाही. वजन कुठे आहे?"

आर्डिस चालली. गॅरेजच्या दारापर्यंत, परत. "कमरेवर," म्हणाली. "खांद्यावर काहीच नाही!" तिचा चेहरा! तिशीतला चेहरा.

मग रॉस्कोने सहज विचारलं, "पूर्वी कुठली वापरायचीस?"

"याची."

"तुझी ती लाल?" मला. "एकवीस इंची?" शीळ घातली. मग तिला, "हात बधिर व्हायचे का गं?"

"कॉफीचा कप धरता यायचा नाही," आर्डिस म्हणाली. साध्या आवाजात. हवापाण्यावर बोलावं तसं.

गाडीत मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, सवय होईल."

३ जुलै

चौऱ्याऐंशीची वही शोधली. सापडली. सप्टेंबरच्या पानावर माझ्याच अक्षरात: 'आ. थकली. मुकाट चालते. ती डोंगरांची नाही. काही जण दरीत राहण्यासाठीच जन्मतात.' पुढच्या सप्टेंबरमध्ये ती म्हणाली, तू जा. त्या वर्षी काउंटीच्या जत्रेत माझ्या कवितेला दुसरं बक्षीस मिळालं —

मी कड्यांवर, ती काचेपाशी,
दोघांमध्ये बर्फाची राशी.

बोळात चौकटीत टांगली आहे. चाळीस वर्षं तिच्याखालून आर्डिस कपड्यांची टोपली घेऊन जाते. एकदाही काही बोलली नाही. साडेचार इंचांची चूक होती ती. मी बर्फावर घातली!

४ जुलै

रडून झालं. आता खरं लिहितो. चूक कळली म्हणून जितकं वाईट वाटतं, त्याच्या दुप्पट वाईट ती *त्याला* कळली म्हणून वाटतं. मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही ते याने दहा मिनिटांत दोन अंगठ्यांनी शोधलं.

संध्याकाळी गावात आतषबाजी. रॉस्को खुर्ची घेऊन आमच्याशेजारी येऊन बसला. आर्डिसच्या बाजूने.

१३ जुलै

आर्डिस रोज सकाळी मिठाचं पोतं घालून रस्त्याने चालते. आधी वीस पौंड, आता पस्तीस. मी बरोबर जातो. दीड मैलावर माझा उजवा गुडघा बोलायला लागतो. मी कविता म्हणतो, म्हणजे त्याचं ऐकू येत नाही.

"थांबायचं का?" ती विचारते.

"छे! मला फुलं बघायची आहेत." उभा राहून फुलं बघतो. तिला कळतं. मला कळतं की तिला कळतं.

२१ जुलै, रविवार

चर्चच्या तळघरात कॉफी. रॉस्को म्हणाला, "मी ते खोरं ओळखतो, आर्डिस. पाणी कुठे, नर कुठे बसतात. बरोबर येऊ का? मांस खाली आणायलाही हात हवेत. मांस आधी, शिंगं शेवटी. नर मोठा असला तर एकटीला पुरा दिवस नुसत्या फेऱ्या."

"मी आहे ना," मी म्हटलं.

"तुझा गुडघा आहे ना," रॉस्को म्हणाला. टोमणा नव्हता. तेच वाईट.

आर्डिस दोघांकडे बघून म्हणाली, "एक जण पुरे. कोण ते सांगीन. तीन तारखेला वरच्या खिंडीपर्यंत चाचणीची चाल करू, मग ठरवीन."

म्हणजे माझ्यात आणि त्याच्यात परीक्षा! त्र्याहत्तराव्या वर्षी!

२ ऑगस्ट

गुडघा टरबुजासारखा. डॉक्टरने सुई घालून पाणी काढलं. आठवडाभर चढ नाही.

आर्डिस म्हणाली, "मग उद्या रॉस्कोबरोबर जाऊन येते. तारीख मोडायला नको."

"जा की," मी म्हटलं. माझा आवाज मलाच गोड वाटला.

३ ऑगस्ट, शनिवार

इथे तरी खोटं लिहायचं नाही, असं पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. म्हणून लिहितो.

सकाळी ती न्हाणीघरात होती. सॅक मागच्या दाराशी भिंतीला टेकून उभी, भरलेली, तयार. पट्ट्यांची पाळ, म्हणजे खांद्याचे पट्टे जिला जोडलेले असतात ती आडवी पट्टी, सांगाड्यावर वरखाली सरकते, घरं पाडलेली असतात, प्रत्येक घर एक इंच. रॉस्कोने मला दाखवलं होतं, काळजीने, 'तुलाही माहीत असू दे.' मी दोन घरं वर सरकवली. साडेसोळाची साडेअठरा. वरचे छोटे पट्टे तसेच ओढून घेतले, म्हणजे दिसायला सगळं नीट. पाण्याचा आवाज चालू होता. अर्ध्या मिनिटाचं काम.

सात वाजता तो आला, शीळ घालत. दोघं गेली.

मी चिली शिजवली, खिमा-राजम्याची तिखट आमटी. दालचिनीचे रोल केले, शाळेत असायचे तसे, चिलीबरोबर. दिवसभर घर दरवळत होतं आणि मी खिडकीपाशी. हो, काचेपाशी.

पाच वाजता आली. सॅक दारातच टाकली. खांद्यांवर दोन लाल वळ. बोटांनी नळ उघडता येईना, मनगटाने उघडला.

"चार मैलांवरून परत फिरलो," म्हणाली. "हे माझं काम नाही, हार्लन. तेव्हाही नव्हतं. परवाना परत करता येतो का बघ."

मी तिच्यापुढे ताट ठेवलं. खांदे चोळून दिले. म्हटलं, "जाऊ दे गं. सगळेच डोंगराचे नसतात."

आणि मी आनंदात होतो. दोन रोल खाल्ले.

४ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये तिच्या हातून गाण्याचं पुस्तक पडलं. बोटं अजून पूर्ण आली नाहीत. रॉस्कोने वाकून उचललं, तिच्यासमोर धरून ठेवलं, शेवटच्या कडव्यापर्यंत. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. माझ्याच हाताकडे बघत बसलो.

खाली कॉफीच्या पिंपाशी तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. कप भरत हळूच म्हणाला, "परत फिरताना मी तिची सॅक माझ्या छातीशी बांधून आणली. पाळ दोन घरं वर होती. ती आपोआप सरकत नाही, हार्लन."

मी साखर घेतली. मी साखर घेत नाही.

"तिला बोललो नाही," तो म्हणाला. "आणि हातही लावलेला नाही. तुझ्या दाराशी आहे तशी आहे. ते काम तुझं."

माणूस चांगला असावा — पण इतका चांगला असायची काही गरज आहे का? मेंढ्याचा हेवा केला, केसांचा केला. आता याच्या भलेपणाचाही करू?

५ ऑगस्ट

दोनदा मागच्या दारापर्यंत गेलो. गुपचूप खाली सरकवून द्यावं, म्हणावं, पुन्हा एकदा घालून बघ — आणि जादू! पण मग ती जादू माझी ठरेल. चोरी करून वर शाबासकी.

६ ऑगस्ट, मंगळवार

सांगितलं.

ती ओसरीवर वाटाणे सोलत होती. मी उभ्यानेच बोललो, शाळेत शेगडीशी उभा राहायचो तसा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. ती सोलत राहिली. शेंग उघडायची, अंगठा फिरवायचा, दाणे भांड्यात.

"किती घरं?"

"दोन."

"दोन." आणखी एक शेंग. "का?"

"तो तुझ्याबरोबर जाईल म्हणून."

"आणि मी घरी बसले तर तुला चालत होतं."

 माझं उत्तर तिनेच दिलं होतं.

भांडं खाली ठेवून ती आत गेली. सॅक अंगणात आणली. सगळे पट्टे सुटे केले, एकूण एक, पाळ सांगाड्यावरून पार उतरवली. गवतावर सगळं पसरून त्याच्यामध्ये बसली. मला म्हणाली, "आत जा."

८ ऑगस्ट

बोलत नाही. 'मीठ दे' एवढंच. मीठ देतो.

९ ऑगस्ट

न्याहारीला बोलली. "मी एकटी जाणार."

"कुठे?"

"चंद्रावर! — मेंढ्यामागे, हार्लन."

अस्वलं, बर्फ, घसरण, वय — सगळं म्हणालो. ती टोस्टला लोणी लावत होती. "अस्वलाला पळवायचा फवारा आहे. उपग्रहावरून निरोप धाडायचं यंत्र भाड्याने घेते. रोज एक निरोप येईल. चाळीस वर्षं तुझी वाट बघितली, मला यंत्रसुद्धा नव्हतं."

"आणि मेंढा पडला तर? मांस कोण आणणार?"

"पडल्यावर बघू. माझ्या पाठीला आता माझाच हात लागेल. तुझा नको, त्याचाही नको. रॉस्कोला काल सांगितलं."

१० ऑगस्ट

रॉस्को आला. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. दोघं त्याच्या गाडीच्या मागच्या फळीवर पाय लोंबकळत बसलो.  मग तो म्हणाला, "मी वरच्या झऱ्याचा नकाशा काढून आणला होता."

"दिलास?"

"म्हणाली, ठेव टेबलावर."

मला हसू आलं. त्यालाही. मग मी म्हटलं, "तू तिला का बोलला नाहीस? एका शब्दात मला उडवता आलं असतं."

तो केसांतून हात फिरवत म्हणाला, "माझ्या बायकोची सॅकसुद्धा मी चुकीची निवडली होती. वीस वर्षं. ती गेल्यावर आवरताना मोजली."

 त्या दिवशीची चिली फ्रीजरमध्ये होती, गरम करून दिली. दोन ताटल्या खाल्ल्या त्याने.

२५ ऑगस्ट

ती आता पूर्वेच्या टेकाडावर जाते. पाण्याचे कॅन भरून चढते, माथ्यावर ओतून देते, उतरताना रिकामी. गुडघे वाचतात. मला चल म्हणालीच नाही. मी गाडीत बसून दुर्बिणीने बघतो. हो, चोरून.

एकटीने सगळं बसवलंय. जड सामान पाठीला चिकटून, खांद्याच्या हाडांच्या मधोमध. हलकं खाली आणि बाहेर. कमरपट्टा हाडाच्या कडेवर. सॅक तिच्यामागून येत नाही, तिच्याबरोबर येते — वळली की वळते, वाकली की वाकते. पावलात ठोका आहे. मिस लॉफग्रेनने छडी आपटून जो आमच्यात घालायचा प्रयत्न केला तो. मी ओठांनी त्याच्यावर ओळी म्हणून पाहिल्या. एकही अक्षर सांडलं नाही.

हेवा गेला असं वाटलं क्षणभर. गेला नाही. रॉस्कोचा संपला, आता त्या टेकाडाचा वाटतो.

१ सप्टेंबर

बोळातली चौकट काढून ठेवली. भिंतीवर चौकोन उरलाय, बाकी भिंतीहून उजळ. आर्डिस टोपली घेऊन गेली. थांबली. गेली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

परवा हंगाम उघडतो. पहाटे तिला वाटेच्या तोंडाशी सोडलं. बेचाळीस पौंड. गाडीच्या फळीवर सॅक उभी करून तिने पाठ लावली. आधी कमरपट्टा. मग खांदे. मग वरचे छोटे. मग छातीचा. डावा वरचा पट्टा जरा पिळला गेला होता. मी दोन्ही हात खिशात घातले.

तिने हात मागे नेऊन चाचपलं, पीळ काढला.

"घरी जा," म्हणाली. मग गालाला हात लावला. "गुडघ्याला बर्फ लाव."

पहिल्या वळणापर्यंत बघितली. मागे वळली नाही. मीही चाळीस वर्षांत वळलो नव्हतो.

१४ सप्टेंबर

निरोप: 'पोचले. ठीक.'

१६ सप्टेंबर

निरोप: 'बर्फ. ठीक.' दोन शब्द. पंचवीसदा वाचले. वाट बघणाऱ्यावर कविता करणं किती सोपं होतं!

१७ सप्टेंबर

निरोप: 'तीन नर. लांब. सगळ्यात म्हातारा मागे राहतो. तू असतास तर बोलून पळवले असतेस.'

असतास! तिने लिहिलंय, असतास.

१८ सप्टेंबर

निरोप नाही. दुपारी रॉस्कोकडे गेलो. त्यालाही नाही. त्याच बादलीवर बसलो. त्याने मला मिठाचं पोतं दिलं हातात, खोगिराखाली धरायला, म्हणजे हातांना काम.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सव्वाआठ —

'मेंढा पडला. दहा वर्षांचा. मी ठीक, यंत्र गारठलं होतं. एक फेरी मांस खालच्या झाडांपर्यंत आणलंय, उरलेलं एकटीचं काम नाही. दोघंही या. सावकाश. माझा तंबू माझ्यापुरता आहे, तुम्ही दोघं एकात झोपा.'

रॉस्कोची गाडी दाराशी आली. तंबू त्याचा, खुंट्या माझ्या.